आसगावच्या पटावर दोन विंगर

भंडाऱ्याहून परत आल्यापासून कंपनीच्या कँटीनमध्ये मी कधी चहा गरम प्यायलो नाही. कप तोंडाला लावला की कुणीतरी विचारतंच, काय रे दत्ता, शालिकच्या गावाला म्हणे बैल फुटबॉल खेळतात? मग मी पहिल्यापासून सुरू होतो. हात हलतात, टेबल हलतं, चहा सांडतो. शेवटी ठरवलं, एकदा लिहूनच काढावं. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांनी माझं काही चुकलं तर पोटात घालावं.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोर उभं राहायला लागलं की आधी बॉलला लाथ मारतं आणि मग चालायला शिकतं. मुंबईत एका कंपनीच्या संघात मी डावा विंगर आहे. विंगर म्हणजे काय ते ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ असते, तिच्यावरून जीव खाऊन पळायचं आणि बॉल मधे घालायचा. गोल मारणारा मधला कुणीतरी असतो, हार त्याच्या गळ्यात पडतो, आणि आपल्या बुटांना चुना लागतो. कागदावर मी स्टोअर्समध्ये आहे. सकाळी प्रॅक्टिस, मग मस्टरवर सही, आणि दुपारी साहेब स्वतःच म्हणतात, जा बाबा, उद्या मॅच आहे.

शालिक आमचा उजवा विंगर, राहणारा भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचा, घरी धानाची शेती. धानाच्या चौकोनी शेताला तिकडं बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. पावसाळ्यात शाळेत जायची वाट धुऱ्यावरूनच. पाय घसरला की पोरगं चिखलात, आणि चिखलानं भरलेले कपडे घेऊन घरी गेलं की पाठीत धपाटे. त्यामुळं वीतभर रुंदीच्या वाटेवरून पळायचं शिक्षण त्याला फुकटात मिळालं. पवनीच्या वसतिगृहात त्याच्या पायाला पहिल्यांदा बॉल लागला, नागपूरच्या एका स्पर्धेत कुणीतरी त्याला हेरलं आणि तिथून थेट कलकत्ता. कलकत्त्याच्या पावसात चांगले चांगले खेळाडू आडवे व्हायचे. हा मात्र धानाची रोपं लावतात त्या रोवणीच्या चिखलात वाढलेला, त्याला तो चिखल माहेरासारखा. लोकांनी डोक्यावर घेतलं. एका मॅचमध्ये पेनल्टी चुकली तेव्हा त्याच लोकांनी चपला फेकल्या. सीझन संपल्यावर तो आमच्याकडे आला आणि सात वर्षं झाली, उजवी रेघ त्याची आणि डावी माझी.

गंमत अशी की सात वर्षं एका संघात खेळून मैदानावर आमचं बोलणं नाही. तो त्या काठाला, मी या काठाला, मधे अख्खं मैदान. गोल झाला की मिठ्या मधे पडतात. आम्ही पोहोचेपर्यंत त्या सुटलेल्या असतात.

दिवाळीआधी हा गडी माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि बुटांकडं बघत म्हणाला, सोबत गावी येशील का. आंधळगावच्या इंदू नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मुलीच्या वडलांनी निरोप धाडला होता: खेळाचा पगार मिळतो असं कोणी ऐकलेलं नाही, तेव्हा मुलाबरोबर काम करणारा एखादा माणूस आणा, घरचा नको. तुळशीचं लग्न लागलं की तिकडं सोयरिकी पक्क्या व्हायला लागतात, आणि मोहाडीचा एक कालव्यावरचा कारकून इंदूसाठी आधीच रांगेत उभा होता. शालिकला याआधी दोन घरांनी नाही म्हटलं होतं. तिसरं नाही आलं असतं तर तो गडी कोलमडलाच असता, हे त्याच्या तोंडाकडं बघून आंधळ्यालाही कळलं असतं. मी लगेच हो म्हटलं आणि दिवाळी होताच बॅग भरली.

तुमसर

तुमसर रोड स्टेशनला उतरलो आणि पहिल्यांदा नाकाला कळलं की आपण दुसऱ्या मुलखात आलो. हवेत उकडलेल्या धानाचा वास होता. गावात शिरलो तर जिकडंतिकडं राइस मिल, आणि सायकलींच्या सीटवर, पानाच्या ठेल्यांवर, माणसांच्या भुवयांवर कोंड्याची पूड. बाजारात धानाचे ढीग असे की आमच्याकडं गुऱ्हाळाच्या दिवसांत उसाच्या गाड्या दिसतात तसे, नजर जाईल तिथपर्यंत.

शालिकची थोरली बहीण मंदाताई इथं दिलेली. तिचे यजमान राइस मिलमध्ये, आणि इंदू यजमानांच्या नात्यातली. मागच्या वर्षीच्या मंडईला मंदाताईनंच तिला आसगावला नेलं होतं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची तिकडची जत्रा. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात आणि पाहता पाहता सोयरिकी जुळतात. शालिक आणि इंदूचीही तिथंच नजरानजर झाली होती. बोलणं म्हणाल तर शालिकनं 'चिवडा घ्या' एवढंच म्हटलं होतं, आणि ते आठवून तो वर्षभर खूश होता.

जेवायला बसलो. मंदाताईनं विचारलं, कोल्हापूरचे ना तुम्ही, तिखट चालतं ना? आता हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाला विचारायचा असतो का? मी मिशीवर ताव देऊन म्हटलं, ताई, हात सैल सोडा. त्यांनी सोडला. पवनीच्या अलीकडं-पलीकडं पिकते ती भिवापुरी मिरची, दिसायला साधी, रंगानं लालचुटुक. पहिला घास गेला. मला वाटलं, हात्तिच्या. दुसरा गेला. तिसऱ्याला माझे कान बंद झाले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाण्याच्या तांब्याकडं झडप घातली तर मंदाताई शांतपणे म्हणाल्या, पाणी नका पिऊ, भात घ्या. शालिकनं तोंडातनं शब्द न काढता भाताचं भांडं माझ्याकडं सरकवलं. नेमकं हाताशी आलं, इकडं नाही की तिकडं नाही. आमच्या तांबड्या रश्श्याची अब्रू मी तुमसरला ठेवून आलो.

भाताचं काय सांगू. आमच्याकडं भाकरी होते आणि शेवटाला भात येतो. तिकडं आधी भात, मधे भात, शेवटी भात, आणि सकाळी न्याहारीला रात्रीचा भात फोडणी देऊन. मंदाताईनं मला पोळी हवी का विचारलं ते, आजारी माणसाला पेज हवी का विचारतात तशा सुरात. मीही नको म्हटलं. चार दिवसांत मी असा काही भातावर आलो की परतीच्या गाडीत चपाती घशाखाली उतरेना.

आंधळगाव

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आंधळगावला. मोठं गाव, दुकानं-बिकानं, वर्दळ. इंदूचे वडील सोनबाजी ओसरीवर बसलेले होते. उंचापुरा माणूस, धोतर स्वच्छ, बोलणं सावकाश. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि घर दाखवण्याआधी गोठा दाखवला. कारण तिथं शंकरपटाचे बैल होते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लांबच लांब सरळ पट्टीवर हलका छकडा जोडून जोड्या पळवतात, आणि त्या भागात त्याचं वेड असं की आमच्याकडं कुस्तीचं आणि फुटबॉलचं मिळून असेल. सोनबाजींनी बैलाच्या खुरावरून हात फिरवला, मग गुडघ्यावरून, आणि तशाच नजरेनं शालिकच्या पायांकडं पाहिलं. शालिकनं पँट असूनही पाय जवळ घेतले. मला हसू फुटलं, ते मी खोकून दाबलं.

मग ओसरीवर माझी साक्ष सुरू झाली. सोनबाजी म्हणाले, आमच्याकडं पोरगी द्यायची तर मुलाच्या शेताला ज्याचा धुरा लागून आहे त्याला आधी विचारतात. भाऊबंद गोड बोलतात, गाव खोटं बोलतं, पण धुऱ्याचा शेजारी बरोबर सांगतो. हा माणूस दरसाल धुरा इंचभर सरकवतो का, पाणी कोणाच्या बांधीत सोडतो, भांडताना आईवर जातो का, हे त्यालाच माहीत असतं. मला ही रीत फार आवडली. आमच्याकडं मुलाची चौकशी तालमीत करतात, आणि तालीम कधी आपल्या पोराचं वाईट सांगत नाही.

तर तुमचा धुरा याच्या धुऱ्याला लागून का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, तो उजव्या कडेला, मी डाव्या.

सोनबाजी म्हणाले, "म्हंजे तुमच्या मधात अख्खी बांधी हाये. मंग तुमाले काय मालूम, हा मानूस कसा हाये?"

खरंच की. सात वर्षं. मला काय माहीत होतं? त्याचा बॉल माहीत होता. लांबून येतो, उंच येतो, आणि उतरताना पायाशी असा अलगद पडतो की जणू कुणी आणून ठेवला. मी तेच सांगितलं. ते त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

पुढचा प्रश्न याहून अवघड होता. बैलाचा पाय गेला तर त्याचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे, याचा पाय गेला तर? मी खरं ते सांगितलं. कंपनी काढून टाकत नाही, खेळ सुटला की खात्यात कारकून म्हणून बसवते. सोनबाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजे शेवटी कारकूनच. मोहाडीवाला तं आतापासूनच कारकून हाये, अन् त्याचे दोनी पाय साबूत हायेत."

शालिक लालबुंद होऊन जमिनीकडं बघत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे इंदू ऐकत होती. मला इतकं वाईट वाटलं, की शालिकचा हात धरून सरळ उठावं असं मनात आलं. तेवढ्यात सोनबाजीच म्हणाले की इंदूची मावशी आसगावातच असते, तेव्हा मंडईला ते आणि इंदू येणार आहेतच. शालिकच्या वडलांनी मंडईत फुटबॉलचा सामना ठेवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. काय काम करतो ते डोळ्यानं पाहतो आणि मग काय ते सांगतो.

बाहेर पडल्या पडल्या शालिक उड्या मारायला लागला. म्हणाला, दत्ता, मैदानावर मला बघू दे त्यांना, फक्त एकदा मला लाइनीवरून सुटलेला बघू दे. मीही उड्या मारल्या. एस.टी. चुकली ती त्यामुळंच.

आसगाव

आसगावला पोहोचलो तर ऊन कलंडलं होतं आणि तळं चमकत होतं. त्या जिल्ह्यात तळी किती आहेत विचारू नका. एक संपलं म्हणून मान वळवावी तर दुसरं. तळ्यात शिंगाडे काढणारे डोंगे फिरत होते. लवकर पिकणारं हलकं धान कापून झालेलं, उशिरा येणारं भारी धान अजून उभं, पिवळं, पार तळ्यापर्यंत. मी कोल्हापूरच्या हिरव्यागार उसात वाढलेला माणूस, पण ते पिवळं बघून तिथंच बसकण मारावीशी वाटली.

शालिकचे वडील श्रावणजी आमची वाट बघत होते. पोराला मिठी नाही, काही नाही. चपला घालून म्हणाले, चल, ग्राउंड दाखवतो. दोन आठवडे गावातल्या पोरांना जुंपून त्यांनी ते तयार केलं होतं. वाटेत सांगत होते, खडा न् खडा वेचला, शेणानं सारवलं, दोन्ही टोकांना नवे बांबू रोवले.

आम्ही पोहोचलो. शालिक उभा राहिला तो उभाच राहिला.

समोर शंकरपटाची पट्टी होती. लांबी विचाराल तर पलीकडच्या टोकाचे बांबू उन्हात धड दिसत नव्हते. रुंदी म्हणाल तर चार बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी, वर एक शेळी. दोन्ही बाजूंना धुरा आणि धुऱ्यापलीकडं उभं धान.

बिचाऱ्या श्रावणजींची चूक तरी काय? त्यांनी फुटबॉल जन्मात पाहिला नव्हता. पोरगा सुट्टीला आला की सांगायचा, बाबा, मी लाइनीवरून सरळ पळतो, सगळ्यांना मागं टाकतो, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आता हे वर्णन आसगावात कोणालाही सांगा. तो म्हणेल, हा तर पट. मग त्यांनी गावातली सगळ्यात चांगली धावायची जागा पोरासाठी सारवून ठेवली. आडव्या बाजूनं खेळाला जागा लागते, हे सांगायचं शालिकला कधी सुचलंच नव्हतं. विंगरला मैदानाची रुंदी कोण विचारतो?

मला हसू आवरेना. धुऱ्यावर बसून मी पोट धरून हसलो. शालिक मात्र पांढराफटक पडला होता. विंगर काय करतो, तर मधल्या गर्दीपासून लांब मोकळ्या जागेत पळतो. इथं मोकळी जागाच नव्हती. सगळं मैदान म्हणजे एक लाइन, आणि तिच्यावर बावीस माणसं. सोनबाजींना तो काय दाखवणार होता? जागा बदलायची म्हटलं तर चारी बाजूंना भारी धान. फुटबॉलसाठी उभं धान कापा असं आसगावात म्हणणाऱ्याला लोकांनी तळ्यात टाकला असता, आणि बरोबर केलं असतं.

श्रावणजींनी विचारलं, काहून, जमलं नाही का? शालिकनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. सारवून सारवून चिरा पडल्या होत्या. तो म्हणाला, "नाई बाबा, लय मस्त झालं. असं ग्राउंड मले कलकत्त्यातई नाई भेटलं."

ते खोटं नव्हतंच म्हणा. असं ग्राउंड जगात कुणालाच मिळालेलं नसेल.

मंडईचा दिवस

मंडईला काय लोक लोटले म्हणून सांगू. पाळणे, बांगड्यांची दुकानं, जिलबी, उडदाचे वडे, चिवड्याच्या राशी, एकीकडं ढोलकी आणि एकीकडं पिपाण्या. घराघरांत पाहुण्यांची पंगत उठली की दुसरी बसते, आणि ओळख नसली तरी हात धरून बसवतात. मी सामन्याआधी तीन अनोळखी घरांत जेवलो. नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि वडे असे होते की मी फारसा प्रयत्नही केला नाही.

दुपारी सामना. समोर पवनीच्या शाळेतली पोरं, चांगली चपळ, आणि त्यांचे ड्रिलमास्तर पंच. आमच्याकडं शालिक, मी आणि आसगावचे नऊ जण, त्यातल्या पाच जणांनी बॉल त्याच दिवशी पाहिला होता. दोन्ही धुऱ्यांवर माणसांची भिंत. एका झाडाखाली सोनबाजी बसले होते, आणि मावशीशेजारी इंदू. हिरवं लुगडं, सावळी, सरळ बघणारी. मला ती एका नजरेत आवडली, म्हणजे शालिकसाठी.

शिट्टी झाली आणि चेंगराचेंगरी सुरू झाली. बॉल कुठं आहे ते फक्त बॉललाच माहीत. शालिक दोनदा गर्दीत शिरला, दोनदा आपल्याच गोलकीपरच्या भावाला धडकून पडला. पवनीच्या पोरांनी त्या गोंधळातच एक गोल घातला. झाडाखाली सोनबाजी शेजाऱ्याशी काहीतरी बोलले आणि शेजारी हसला.

अशा वेळी माणूस काय करतो? आपली रेघ सोडतो. मी माझ्या डाव्या धुऱ्यावरून निघालो आणि पाच-सात पावलांत शालिकच्या खांद्याला खांदा लावून उभा. बस एवढंच अंतर होतं. सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही मैदानावर एकमेकांचा श्वास ऐकला. मी म्हटलं, लेका, लांबून नको, इथंच दे. त्यानं दिला. मी परत दिला. त्यानं पुन्हा दिला. आणि आम्ही सुटलो. त्याच्याकडून मला, माझ्याकडून त्याला, त्या लांबलचक पट्टीवरून, दोघं जोडीनं. मला अजून सांगता येत नाही काय आनंद झाला ते. मी चक्क पळता पळता हसत होतो.

गोलापुढं त्यानं बॉल माझ्या पायावर ठेवला. मी पाय उचलला, छकड्याच्या चाकोरीत दुसरा पाय अडकला आणि मी हवेत लाथ मारून आडवा. लोक हसले. शालिक जाऊन बॉल घेऊन आला.

दुसऱ्यांदा तसेच सुटलो, तसाच त्यानं बॉल दिला, आणि मी तो असा हाणला की थेट जिलबीच्या दुकानात. शालिक जाऊन बॉल घेऊन आला. त्याला पाक लागला होता, तो त्यानं स्वतःच्या शर्टाला पुसला.

तिसऱ्यांदा मात्र जे झालं ते फक्त आसगावातच होऊ शकतं. आम्ही जोडीनं येतोय हे बघून लोकांच्या अंगात पट शिरला. त्यांना ओरडायची एकच रीत माहीत. दोन्ही धुऱ्यांवरून पटाची आरोळी उठली, टोप्या उडाल्या, आणि आमच्या मागं पट्टीच्या टोकाला श्रावणजींची जोडी छकड्याला जुंपलेली उभी होती, सामन्यानंतर लोकांना दाखवायला सजवून. हाकणारा खाली उतरून फुटबॉल बघत होता. बैलांनी आरोळी ऐकली. त्यांना काय माहीत ती कुणासाठी आहे? ते निघाले.

पवनीची पोरं धडाधड धानात उड्या मारत होती. ड्रिलमास्तर बाभळीवर चढले, काटे बघितले नाहीत. शालिकला मागून धडधड ऐकू आली, तर त्याला वाटलं अडवायला त्यांचा बॅक येतोय, म्हणून तो आणखी जोरात पळाला. गोलकीपर बांबू सोडून तळ्याच्या दिशेनं गेला. समोर रिकामा गोल. शालिकनं बॉल मला दिला. मी मागं वळून पाहिलं, चार शिंगं दिसली, आणि मी बॉल सोडून धानात सूर मारला. बैल गोलातून पार गेले, बांबू घेऊन, आणि पट्टी संपल्यावर शिकवल्याप्रमाणे थांबून माना हलवायला लागले. लोक म्हणाले गोल झाला. मास्तर बाभळीवरूनच म्हणाले, बॉल बैलांकडं नव्हता, गोल नाही.

मी धानातून डोकं वर काढलं तेव्हा सगळे शालिककडं बघत होते. जोडीदार तीन वेळा हातातला गोल चुकवतो, तेही सोयरा व्हायला आलेल्या माणसांसमोर. कोल्हापुरात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. शालिकच्या जबड्याची शीर उडत होती. तो वळला, धानात गेला, बॉल शोधून घेऊन आला आणि मला हात देऊन उठवलं.

बांबू पुन्हा रोवले. शेवटची मिनिटं होती. चौथ्यांदा सुटलो, चौथ्यांदा त्यानं बॉल तसाच अलगद पायापुढं आणून ठेवला, आणि या वेळी तो माझ्या पायावरून सरळ दोन बांबूंच्या मधून गेला. शालिकनं मला मिठी मारली. आमची पहिलीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला भिवापुरी मिरची कारण नव्हती.

सामना बरोबरीत सुटला. पटात बरोबरी नसते, त्यामुळं लोक बराच वेळ विचारत होते, पण जिंकलं कोण.

नंतर श्रावणजींच्या अंगणात सगळे बसले. चिवडा आला, चहा आला. सोनबाजी म्हणाले, पळतो चांगला, पण गोल काही यानं केला नाही, केला पाहुण्यानं, आणि त्यानंही चौथ्या वेळी. मोहाडीवाल्यांना आठवड्यात कळवतो, असा शब्द ते देऊन बसले होते. श्रावणजींनी मान खाली घातली.

तेव्हा दाराशी उभी असलेली इंदू पुढं आली. मावशीनं तिचा पदर ओढला, तरी आली. माझ्याकडं बोट दाखवून तिनं सरळ शालिकला विचारलं, "यायनं तीनदा चुकवला. तुमाले राग आला का?"

शालिक उठून उभा राहिला. "आला. लय आला."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं चौथा त्यायनं भेऊन चुकवला असता."

इंदू आणखी एक पाऊल पुढं आली. "अन् चौथाई चुकवला असता तं?"

शालिकनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "पाचवा आनून देल्ला असता. मले तेवढंच येते."

इंदूनं माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली आणि आत जाता जाता वडलांना म्हणाली, "बाबा, मोहाडीवाल्यायले नाई म्हनून सांगा."